साखर वितळली नाही

“कोण आजारी आहे?” समोरच्या निर्मळकाकूंनी दार उघडल्या उघडल्या विचारलं.

माझ्या हातात ताटली होती आणि ताटलीत फडक्याखाली ब्रेड. आमच्या सातपूरच्या कॉलनीत तेव्हा ब्रेड घरात यायचा तो कुणाला तरी ताप आल्यावर. चहात बुडवायचा आणि आजाऱ्याच्या तोंडाशी धरायचा. धडधाकट माणसाला पोळी-भाकरी होती ना!

“कुणी नाही आजारी,” मी म्हटलं. “मी केलाय, घरी. चाखून बघा.”

“तुम्ही केलात?” काकूंनी फडकं उचलून ब्रेडकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “अगंबाई! म्हणजे नोकरीचं अजून काही जमलं नाही वाटतं.”

मी हसल्यासारखं केलं आणि घरात आलो. दहा मिनिटांनी काकू ताटली परत द्यायला आल्या. रिकामी ताटली परत देऊ नये म्हणून तिच्यात त्यांनी दोन चमचे साखर घातली होती.

“छान झालाय हो,” त्या म्हणाल्या. “मधे जरा ओला राहिलाय, पण छान झालाय.”

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो आणि आठ महिने घरी बसलो होतो. त्याआधी सव्वीस वर्षं भट्टीवर काढली. गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. लोखंडी दातेरी चाकं भट्टीत घालायची, लाल होईस्तोवर तापवायची, वेळ झाली की काढून तेलात बुडवायची, म्हणजे ती कडक होतात. सगळा खेळ दोनच गोष्टींचा, किती ताप आणि किती वेळ. मग एक मोठं गिऱ्हाईक तुटलं, आमचं खातं बंद पडलं आणि ‘खैरनार साहेब’चा नुसता खैरनार झाला.

घरात बसलेला पुरुष म्हणजे दारात आडवा पडलेला खाटेचा सांगाडा. येता-जाता प्रत्येकाला लागतो. माझी बायको नलिनी वाचनालयात नोकरीला होती. ती गेली की मी घर सुधारायला घ्यायचो. एकदा स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले, तर संध्याकाळी तिने मोहरी समजून फोडणीत नाचणी टाकली.

“अहो, तुम्ही तुमच्यासाठी काहीतरी काम शोधा,” ती म्हणाली. “नाहीतर मला तरी दुसरं घर शोधू द्या.”

मग मला पलंगाखालचा ओव्हन आठवला. तीन वर्षांपूर्वी गणेश मंडळाच्या हाउजीत तो तिला लागला होता आणि खोक्यातून बाहेरही निघाला नव्हता. मी भट्टीचा माणूस. भट्टी लहान असली म्हणून काय झालं? वाण्याकडून यीस्ट आणलं, वाचनालयातून नलिनीने पुस्तक आणलं आणि मी सुरू झालो. सकाळी दोन ठिकाणी अर्ज टाकायचे, मग पीठ मळायचं. कंपन्यांच्या फोनची वाट बघायची आणि पीठ फुगायची वाट बघायची. पीठ बिचारं फुगायचं तरी.

फक्त ब्रेड काही जमत नव्हता. वरून पिवळट, आतून ओला. सुरी घातली की सुरीला चिकटायचा. तरी मी फ्रिजवर कारखान्यासारखा तक्ता चिकटवला होता: तारीख, वजन, ताप, वेळ. तक्ता बघितला तर चूक कुठेच नव्हती. दोनशे अंश, पस्तीस मिनिटं. पहिल्यांदा मी पिठाला दोष दिला आणि गिरणी बदलली. मग यीस्टला दिला आणि वाणी बदलला. चौथ्या वेळी म्हटलं, नलिनी सारखी खिडकी उघडते, वारं लागतं.

“माझ्यावर खापर फोडू नका,” ती म्हणाली. “तुम्ही भाजताना त्या बटणाकडेच बघत बसता. जरा ब्रेडकडे बघा की!”

“बटणावर दोनशे आहे म्हणजे दोनशे आहे.”

“मग खा कच्चा.”

तर त्या दिवशी, काकूंची ताटली हातात घेऊन मी ओट्याशी उभा होतो. दुसऱ्या दिवशी सिन्नरला मुलाखत होती. आठ महिन्यांतली चौथी. आधीच्या तिघांनी माझं वय ऐकल्यावर चहा पाजून वाटेला लावलं होतं, पण या लोकांनी स्वतःहून बोलावलं होतं. त्यांच्याकडे नवी भट्टी आली होती आणि त्यांना जुना माणूस हवा होता. हे हुकलं तर पुढे काही नाही, हे मला ठाऊक होतं आणि नलिनीलाही. म्हणून तर पितृपंधरवडा चालू असूनही ती एका शब्दाने बोलली नव्हती. एरवी या पंधरवड्यात ती नवा झाडूसुद्धा आणत नाही.

ताटलीतल्या साखरेकडे बघता बघता डोक्यात आलं, साखर साधारण एकशे शहाऐंशी अंशाला वितळते. शिकताना कधीतरी पाठ केलेलं. म्हटलं, बघू तरी.

साखर वाटीत घातली, वाटी ओव्हनमध्ये ठेवली, बटण दोनशेवर केलं आणि समोर पाट घेऊन बसलो. वीस मिनिटं झाली. दार उघडलं. साखर होती तशी, पांढरी शुभ्र. अजून दहा मिनिटं दिली. एक कण हलला नव्हता. मग बटण पार शेवटपर्यंत, अडीचशेवर फिरवलं. तेव्हा कुठे पाऊण तासाने कडेची साखर पिवळी झाली आणि पाघळायला लागली.

म्हणजे बटण खोटं बोलत होतं, चांगलं चाळीस-पन्नास अंशांनी. पीठ बरोबर, यीस्ट बरोबर, नलिनी बरोबर. मी सगळ्यांना धारेवर धरलं, फक्त बटणाला कधी विचारलं नाही.

एखाद्याला हसू आलं असतं. मला मात्र आलं नाही. कारण ‘काटा खोटं बोलतोय’ हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, काशिनाथ गांगुर्डेच्या तोंडून.

गांगुर्डे माझ्या हाताखाली एकोणीस वर्षं भट्टीवर होता. दिंडोरीकडचा, चौथी शिकलेला, रोज सकाळी भट्टीला हळदकुंकू वाहणारा. खंडेनवमीला तर तिला स्वतःच्या हातांनी झेंडूची माळ घालायचा. मीटर तो बघायचाच नाही. झरोक्याला डोळा लावायचा, तळहाताची मागची बाजू दारापुढे धरायचा आणि सांगायचा. त्या दिवशी मीटर नऊशे वीस दाखवत होता, वेळ भरली होती आणि माल न्यायला आलेली गाडी फाटकावर हॉर्न मारत होती.

“साहेब, अजून वीस मिनिटं राहू द्या,” तो म्हणाला होता. “रंग आला नाय. केशरी पाहिजे, अजून कुंकवाचाच हाये.”

“मीटर बघ ना! रंग काय बघतोस?”

“काटा खोटं बोलतोय साहेब. दोन दिवस झाले, मला संशय येतोय.”

“गांगुर्डे, दार उघड.”

त्याने उघडलं. तो सगळा माल मऊ निघाला आणि परत आला. चौकशी झाली. गांगुर्डेला काढलं. पुढे चार महिन्यांनी ते गिऱ्हाईकही गेलं आणि मीही घरी आलो. एवढं सगळ्यांना माहीत होतं. मधलं थोडं फक्त मला माहीत होतं.

संध्याकाळी बटण अडीचशेवर ठेवून मी ब्रेड केला. या वेळी तक्त्याकडे बघितलं नाही, काचेतून बघत राहिलो. वर चांगला बदामी रंग चढला तेव्हा काढला. नलिनीने कापला, आत बोट दाबलं. “अय्या, जमला की! काय केलंत?”

“बटण बिघडलेलं होतं.”

“बघा, मी म्हणत होते,” ती म्हणाली आणि खुशीत दोन तुकडे खाल्ले. मी माझा तुकडा ताटलीत परत ठेवला. ती म्हणाली, उद्याची काळजी करू नका, होईल सगळं नीट.

सकाळी तिने डब्यात ब्रेडला लसणाची चटणी लावून दिली. मी इस्त्रीचा शर्ट घालून सिन्नरची एसटी धरली.

मुलाखत घेणाऱ्या पारखे मॅडम कारखान्याच्या प्रमुख होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला ऑफिसात बसवलंच नाही, थेट नव्या भट्टीपाशी नेलं. तासभर प्रश्न विचारले आणि मीही दिली उत्तरं, सव्वीस वर्षांचं पाणी होतं अंगात. शेवटी त्या म्हणाल्या, “खैरनार साहेब, मला आवडलं तुमचं काम.” आठ महिन्यांनी कुणीतरी साहेब म्हटलं. मला भरून आलं हो, खोटं कशाला सांगू?

केबिनमध्ये चहा आला. मॅडमनी एक कागद पुढे ओढला.

“आणखी एक विचारायचं होतं. काशिनाथ गांगुर्डे म्हणून एकजण तुमच्याकडे होते ना? ते दोनदा येऊन गेले इथे. हात चांगला आहे म्हणतात सगळे. पण घाईने दार उघडून अख्खा माल घालवला, म्हणून काढलं असं तिथल्या अहवालात आहे, असं कळलं. तुम्ही त्यांचे साहेब होतात. घ्यावं का?”

मी कप बशीत ठेवला.

“घ्या,” मी म्हटलं. “माणूस सोन्यासारखा आहे. एकदा चूक झाली, ती धरून बसू नका.”

मला वाटलं, जमलं. त्यालाही नोकरी, मलाही नोकरी. साप मेला आणि काठीही शाबूत. मनातल्या मनात मी त्याला शिफारस केल्याचं पुण्यही घेऊन टाकलं.

मॅडमनी मान हलवली. “नको. बाकी कुठलीही चूक चालेल. भट्टीवर घाई करणारा माणूस मला चालत नाही.” त्यांनी त्या कागदावर आडवी रेघ मारली आणि तो बाजूला सारला. “तुमचं बोलू. घटस्थापनेपासून रुजू व्हाल?”

बोलायला काय होतं? ‘हो’ म्हणायचं होतं नुसतं. नलिनी वाचनालयात माझ्या फोनची वाट बघत होती. मी त्या रेघेकडे बघत होतो. एकोणीस वर्षांत ज्याने एकदाही वेळेआधी दार उघडलं नाही, त्याच्या नावावर घाईची रेघ.

“मॅडम,” मी म्हटलं, “घाई त्याने नाही केली. मी केली.”

“म्हणजे?”

“तो थांबा म्हणत होता. मीटर चुकीचा दाखवतोय म्हणत होता. दार उघड असं मी सांगितलं. आणि ताप मोजायची ती सळई त्याच्या तीन महिने आधीच बदलायला हवी होती, तेही माझंच काम होतं. मी बदलली नव्हती.”

“पण अहवालात तर ऑपरेटरने...”

“अहवाल मी लिहिलाय. इंग्रजीत. त्याला इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, इथे सही कर. त्याने विचारलं, काय लिहिलंय साहेब? मी म्हटलं, झालं तेच लिहिलंय. त्याने केली सही.”

बोलताना माझे कान तापले होते. मला वाटलं होतं, त्याला फार तर समज देतील. एक पत्र हातात ठेवतील आणि विषय मिटेल. त्याला काढलं तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. आज उघडू, उद्या उघडू करत वर्ष गेलं.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “हे तुम्ही आज का सांगताय?”

साखरेचं काय सांगणार त्यांना? “उशीर झाला,” एवढंच म्हटलं.

“मला तुम्हाला घेता येणार नाही, हे तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय. त्याला घ्या.”

त्यांनी काही वचन दिलं नाही. “चहा संपवा,” म्हणाल्या, आणि मी तो गार झालेला चहा संपवला. सिन्नरच्या स्टँडवर बाकावर बसून डबा उघडला. ब्रेड खरंच चांगला झाला होता. मी तो खाल्ला आणि लहान मुलासारखा रडलो. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं चटणी झोंबली, त्याने मला पाणी दिलं.

नलिनीला मी घरी येऊन सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती पदराने हात पुसत उभी होती, ती खाली बसली.

“खरं बोलायला हाच मुहूर्त सापडला तुम्हाला?” ती म्हणाली. “वर्षभर तोंडाला कुलूप, आणि नोकरी हातात आल्यावर सत्यवचन!”

“चुकलंच माझं.”

“कुठलं? तेव्हाचं की आजचं?”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि निघून जायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पिठाची परात माझ्यासमोर ओट्यावर आदळली.

“गांगुर्डेंच्या बायकोचं नाव काय?”

“मला नाही माहीत.”

“मुलं किती?”

“एक मुलगी आहे बहुतेक.”

“एकोणीस वर्षं माणूस तुमच्याजवळ उभा होता,” ती म्हणाली. “मळा. आणि मीठ विसरू नका.”

मी मळत राहिलो. गांगुर्डेच्या घरी जायचं रोज ठरवायचो. चप्पल घालायचो, कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जायचो आणि भाजी घेऊन परत यायचो. आमच्या घरात त्या महिन्यात भेंडी फार झाली.

दसरा आला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला बेल वाजली. दारात गांगुर्डे. डोक्यावर धुतलेली टोपी, हातात आपट्याची पानं. दसऱ्याला लहानाने मोठ्याकडे सोनं द्यायला जायचं असतं. आमच्या दोघांत वयाने तोच मोठा होता.

“सोनं घ्या साहेब,” त्याने पानं माझ्या हातावर ठेवली आणि पाया पडायला वाकला. मी त्याचे खांदे धरले.

“वाकू नकोस, गांगुर्डे. मला लाज वाटते.”

तो बसला. नलिनी पाणी घेऊन आली. त्याच्या बायकोचं नाव तिने पहिल्या मिनिटात विचारून घेतलं. ते हिराबाई होतं. सिन्नरला घटस्थापनेपासून लागलो, नवी भट्टी चांगली आहे, त्याने सांगितलं. काल खंडेनवमीला मॅडमनी त्याच्याच हातून भट्टीची पूजा करून घेतली. आत ओव्हनमध्ये ब्रेड भाजत होता.

“गांगुर्डे, तो कागद...” मी सुरुवात केली. “मी त्यात लिहिलं होतं, की...”

“माहीत हाये साहेब.”

“मॅडमनी सांगितलं?”

“नाय. काढल्याच्या पत्राला जोडून आला होता तो, त्याच आठवड्यात माझ्या पोरीनं वाचून दाखवला होता. बारावीला हाये ना ती.”

“म्हणजे वर्षभर तुला माहीत होतं?” मी विचारलं. “मग बोलला का नाहीस? कुणाकडे तरी जायचं होतंस.”

“आलो होतो ना तुमच्याकडं, दोनदा. शिव्या द्यायलाच आलो होतो, काय खोटं सांगू?” तो नलिनीसमोर जरा ओशाळला. “खालपर्यंत आलो आणि माघारी गेलो. म्हटलं, साहेब आहेत. आज ना उद्या बोलतील.” त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “लई उशीर लावला साहेब तुम्ही. पोरीचं कॉलेज सुटता सुटता राहिलं.”

त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी हात जोडले. माफ कर म्हटलं की नाही, ते आज आठवत नाही. नलिनी म्हणते, म्हटलं होतंत.

पुढे सात महिन्यांनी मला आयटीआयमध्ये शिकवायचं कंत्राटी काम मिळालं, पगार पहिल्यापेक्षा निम्मा. पोरांना पहिल्या दिवशी मी वाटीत साखर घेऊन भट्टी तपासायला लावायचो. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही तसेच बसलो होतो आणि आतून ओव्हनची घंटा वाजली. वेळ भरली होती.

मी उठलो. हातात जाड फडकं घेतलं आणि दाराच्या मुठीला हात घातला. गांगुर्डे माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. वाकून त्याने काचेला डोळा लावला, मग तळहाताची मागची बाजू दारापुढे धरली आणि डोळे मिटले.

“साहेब, नका काढू,” तो म्हणाला. “रंग आला नाय अजून. दहा मिनिटं राहू द्या.”

मी घंटेकडे बघितलं नाही, बटणाकडे बघितलं नाही. फडकं ओट्यावर ठेवलं, दोन पाट मांडले आणि त्याच्याशेजारी वाट बघत बसलो.